दोनशे चाळीस रेघांतला चेहरा

वुड ग्रीन, लंडन
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९३६

प्रिय थर्झा,

तुझं पत्र आणि अंडी दोन्ही पोचली. एकच फुटलं होतं, तेही वरच्या कागदाला फारसं न लागता, म्हणून तो कागद धुऊन वाळवून त्यावरच हे लिहिते आहे. वास आला तर कोंबडीचा समज.

इथलं नवल तुझ्या कानावर आलंच असेल. आमच्या टेकडीवरच्या जुन्या महालावर उंच लोखंडी खांब उभा राहिलाय, आणि या महिन्यापासून तिथून चित्रं सोडतात. माणूस तिथे गातो आणि ज्याच्या घरी पेटी आहे त्याला तो घरात बसून दिसतो. पेटीची किंमत ऐकून माझा नवरोबा सिलस म्हणाला, "एवढ्यात मोटार येईल, आणि मोटार निदान कुठेतरी नेते." मग आम्ही कुठे बघतो? हमरस्त्यावर टॅपलिनचं रेडिओचं दुकान आहे. त्याने एक पेटी मांडून समोर खुर्च्या टाकल्यात आणि दुपारी तीन ते चार सगळ्यांना फुकट दाखवतो. पेटीचं झाकण उघडलं की आत आरसा असतो, आणि चित्र त्या आरशात बघायचं. मी दोनदा गेले. तू नाक मुरडशील, पण दुकान म्हणजे नाटकगृह नव्हे. मी विणकाम हातात घेऊन बसते.

गंमत अशी की चित्रं सोडण्याच्या पद्धती दोन आहेत. एका कंपनीचं चित्र दोनशे चाळीस आडव्या रेघांचं, दुसरीचं चारशे पाच. चांगली कोणती ते वरच्या लोकांना ठरवता येईना, म्हणून एक आठवडा हिचा आणि एक तिचा. सिलस म्हणतो, एकाच चॅपलला दोन पाळक नेमून आलटून पालटून प्रवचन करायला लावावं तसं चाललंय. दर सोमवारी टॅपलिन पेटीचा खटका फिरवतो आणि दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने '२४०' किंवा '४०५' लिहितो. शेजारच्या मिसेस बॅजरने परवा विचारलं, "बटाट्याचा भाव का हो?"

आता पुढचं वाचून पत्र फाडू नकोस. डॉर्कस तिथे गाणार आहे. येत्या गुरुवारी, १९ तारखेला, दोनशे चाळीसच्या आठवड्यात. रविवारी प्रार्थनेनंतर ती माझ्याकडे चहाला आली होती. तिचं नाव लिहायचं नाही अशी तुझी ताकीद आहे हे मला माहीत आहे, आणि तीन वर्षं मी ती पाळली. पण ती माझ्या बहिणीची मुलगी आहे. घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न तिने काय विचारला सांगू? "मावशी, आईचा गुडघा कसा आहे?"

ती चांगल्या ठिकाणी राहते. बरोबर एक शिवणकाम करणारी मुलगी आहे. गुरुवारचं गाणं पसंत पडलं तर तिला दर पंधरा दिवसांनी बोलावतील आणि मग नाटकाच्या घोळक्यात मागे उभं राहून गायला लागणार नाही, असं म्हणाली. तुला कळवू का विचारलं तर उठून कप धुवायला घेतले.

तुझी
मर्सी

•

थॉर्पबी, लिंकनशर
शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय मर्सी,

पत्र फाडलं नाही. कागद चांगला होता.

तुला गोड लागेल असं काही मी लिहिणार नाही. जी मुलगी आमच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून स्तोत्रं गायची, ती ओठांना लाल रंग फासून गाडीच्या फलाटावर उभी होती, आणि पाळकांची बायको समोरून येत होती. मी तेव्हाच म्हटलं, हे तोंड घेऊन माझ्या दारात येऊ नकोस. देवाने दिलेलं तोंड धुऊन आण, दार उघडंच आहे. ते अजून उघडं आहे. तिला काही सांगायचंच असेल तर एवढंच सांग.

माझा गुडघा आहे तिथेच आहे.

पेटीसमोर तू बसणारच आहेस, मी नको म्हटल्याने उठणार नाहीस. तेव्हा बसल्या बसल्या एवढं बघ की तिचा गळा झाकलेला आहे का. या गाणाऱ्या बायका नोव्हेंबरातसुद्धा गळा उघडा टाकतात. तिचा भाऊ आसा याच हवेत अंथरुणाला लागला होता. आमच्या घरातली छाती कशी आहे ते तिला माहीत आहे, पण त्या वयात कोण लक्षात ठेवतं? आसानेही ठेवलं नव्हतं. गळ्याचं तेवढं कळव. बाकी काही नको.

चॅपलच्या छपराच्या मदतीसाठी गुरुवारी चहापान आहे आणि केक सगळे माझ्याच गळ्यात. मिसेस गॅमनने अंडी न देता सल्ले दिले.

थर्झा

•

वुड ग्रीन
शुक्रवार, २० नोव्हेंबर

प्रिय थर्झा,

उगाच घाबरवायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही, या दोन्हींमध्ये कालपासून अडकले आहे. शेवटी जे पाहिलं तेच लिहिते.

गळा झाकलेला होता. पांढरी कॉलर होती, अगदी गळ्यापर्यंत.

पण थर्झा, ती बरी दिसत नाही.

काल तीनला दुकान भरलं होतं. आधी कार्यक्रम सांगणारी बाई आली, छान, टवटवीत. मग एक विनोदी गृहस्थ आला, त्याचे गाल भरलेले, मिशी, हसणं, सगळं स्पष्ट. आणि मग डॉर्कस. नुसता चेहरा आणि खांदे. चेहरा कागदासारखा पांढरा, डोळ्यांखाली खड्डे, आणि तोंडाच्या जागी जवळजवळ काही नाहीच. ओठ नव्हते गं. पांढऱ्यात पांढरं. मधेमधे चित्र थरथरायचं तेव्हा ती स्वतःच थरथरतेय असं वाटायचं. आवाज मात्र तोच, वरच्या सुराआधी श्वास घेण्याची ती लकबही तीच. आवाज एकीकडून येतोय आणि चेहरा भलतीकडूनच, असं वाटत होतं.

मिसेस बॅजर म्हणाली, "अगबाई, या पोरीला कुणी जेवायला घालतं की नाही?" मी टॅपलिनला म्हटलं, "तुमच्या पेटीचं काहीतरी बिघडलंय." तो चिडलाच. "माझ्या पेटीला बोल लावू नका बाई. आत्ताच तो माणूस टोमॅटोसारखा दिसत होता की नाही?" मिसेस बॅजर म्हणाली, "काळ्या-पांढऱ्यात टोमॅटो कसला दिसतोय?" पण त्याचं खरं होतं. तीच पेटी, तोच खटका, तीच दुपार. बाकीचे सगळे धडधाकट दिसले आणि आपलीच पोर तशी दिसली.

तिथूनच तिच्या खोलीवर गेले. घरमालकीण म्हणाली, आली नाही, आणि खोकते का विचारलं तर म्हणाली, "या घरात सगळेच खोकतात बाई, धुकं बघा ना." सोमवारी पुन्हा जाते. तोपर्यंत तू मनाला लावून घेऊ नकोस. मी काल आणि आज तिच्यासाठी प्रार्थना केली. तूही कर. त्याला नाव घ्यायची मनाई नसावी.

मर्सी

•

थॉर्पबी
शनिवार, २१ नोव्हेंबर

मर्सी,

आत्ता पत्र आलं. पोस्टमन दारात उभा आहे, त्याला थांबवून लिहिते.

आसाचंही असंच सुरू झालं होतं. आधी ओठांचा रंग गेला. खोकला नंतर. सगळे म्हणत होते वाढीचं वय आहे, आणि मीही म्हणत होते. त्याचे ओठ दिवसागणिक फिके होताना मी त्याच्या उशाशी बसून पाहिले. दुसऱ्यांदा बघायला मी बसणार नाही.

सोमवारी तिला गाठशील तेव्हा पाठीला कान लावून ऐक. तिने नको म्हटलं तरी. रात्री घाम येतो का विचार. मध आणि हंसाची चरबी पाठवते, छातीला चोळायला लाव, लाज बाळगू नको म्हणावं.

कोंबड्या मिसेस गॅमनकडे सोपवते, बुधवारी पहाटेच्या गाडीने निघते. मी येतेय हे तिला सांगू नकोस, नाहीतर त्या खोलीतूनही पळेल.

थ.

•

वुड ग्रीन
सोमवार, २३ नोव्हेंबर

प्रिय थर्झा,

हे पत्र तुला उद्या सकाळी मिळावं म्हणून स्वयंपाक तसाच टाकून पोस्टात घालायला निघाले आहे. सिलसला आज थंड मटण.

आधी तेच लिहिते: डॉर्कसला काही झालेलं नाही. पाठीला कान लावला. स्वच्छ आहे. घाम नाही, खोकला नाही. माझ्यासमोर चार पाव खाल्ले आणि पाचव्याकडे बघत होती. गाल लाल आहेत, ओठ लाल आहेत, आणि कशाने रंगवलेले नाहीत. देवाची शपथ घ्यायची नसते, नाहीतर घेतली असती.

मग गुरुवारी ते काय होतं? मी तिला तेच विचारलं, जरा रागानेच. "मुकाट्याने सांग, तुला काय होतंय? आम्ही तिकडे अर्धमेल्या झालोय." आधी ती समजलीच नाही. मग मी सांगितलं, चेहरा पांढरा, ओठ नव्हते, तशी म्हणाली, "म्हणजे तसंच दिसलं तर. ते खरं सांगत होते."

त्या दोनशे चाळीसवाल्यांची एक लहान खोली आहे, पूर्ण काळोखी. माणसाला तिथे एकट्याने बसवतात आणि समोरून एक उजेडाची तिरीप भराभर त्याच्या तोंडावरून फिरते. तेवढाच काय तो उजेड. ते यंत्र लाल रंगाला पांढरा समजतं. म्हणजे ज्याचे ओठ चांगले लाल, त्याला यंत्रात ओठच नाहीत. म्हणून तिथे प्रत्येकाला, पुरुषांनासुद्धा, तोंडाला पांढरट लेप, डोळ्यांभोवती काळं आणि ओठांना निळा रंग लावतात. निळा, थर्झा! त्या टोमॅटोलासुद्धा. तो रंग लावला की पेटीत माणूस माणसासारखा दिसतो, आणि धुतलेल्या तोंडाने बसला तर मेल्यासारखा. दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीत एवढं लागत नाही म्हणे.

"मग तू का नाही लावलंस?" मी विचारलं.

"लावलं होतं. खोलीत गेल्यावर रुमालाने पुसलं. अंधारात कुणाला दिसलं नाही."

"पण का?"

"तूच पत्र वाचून दाखवलंस ना मावशी? देवाने दिलेलं तोंड धुऊन आण, म्हणून. तू बघणार होतीस आणि आईला लिहिणार होतीस. म्हटलं, एकदा तरी तिला कळू दे की मी धुतलेल्या तोंडाने गायले."

हो, तुझं १४ तारखेचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. तुझाच निरोप होता तो.

पुढचं ऐक. तिथल्या साहेबाने तिला फैलावर घेतलं. म्हणाला, गळा उत्तम आहे, पण भूत दाखवायला आम्ही महाल भाड्याने घेतलेला नाही. ३ डिसेंबरला, म्हणजे दोनशे चाळीसच्याच आठवड्यात, तिला आणखी एक संधी आहे. त्या दिवशी रंग पुसला तर पुन्हा बोलावणं नाही. मी म्हटलं, "चारशे पाचच्या आठवड्यात मागून घे की." तर म्हणते, "आठवडा मी निवडत नाही मावशी. बोलावतील तेव्हा जायचं." आणि मग शांतपणे म्हणाली, "आईने नको म्हटलं तर मी याही खेपेला पुसणार आहे. एक काम जाईल. दुसरं बघेन."

ती हट्टाने बोलत नव्हती. हट्टाने बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते.

तर तुझी बुधवारची गाडी रद्द करायला हरकत नाही. आजारी कुणी नाही. पण एक ओळ तिला लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. पाळकांना विचारायचं असेल तर विचार, पण ते तिची आई नाहीत.

मर्सी

•

थॉर्पबी
मंगळवार, २४ नोव्हेंबर

डॉर्कस,

तुझ्या मावशीचं पत्र सकाळी आलं. मी पाळकांना विचारलं नाही. ते विचार करायला वेळ घेतात, आणि शेवटी आपल्याच बायकोला विचारतात.

मी त्या दिवशी जे बोलले ते लाल रंगाबद्दल बोलले, आणि लाल रंगाबद्दल माझं मत तेच आहे. हा निळा वेगळा आहे असं मी कुणालाही पटवून देऊ शकणार नाही, पण मला पटलं. तो रंग तू चांगली दिसावीस म्हणून लावत नाहीत, दिसावीस म्हणून लावतात.

आसाचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत गेले. तुझे गेले असं मर्सीने लिहिलं तेव्हापासून शनिवार, रविवार, सोमवार या घरात मी कशी होते ते तुला सांगण्यात अर्थ नाही. रविवारी चॅपलमध्ये स्तोत्र चालू असताना मी बसूनच राहिले. मिसेस गॅमनला वाटलं गुडघा.

ते लावायला सांगतील ते लाव. निळं तर निळं, हिरवं तर हिरवं. पुसू नकोस. मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.

मध मावशीकडे आला असेल तर खा. चरबी परत पाठवू नका, थंडी अजून जायची आहे.

तुझी आई

•

फिन्सबरी पार्क, लंडन
शुक्रवार, २७ नोव्हेंबर

आई,

तुझं पत्र बरोबरच्या मुलीला दाखवलं. तिने विचारलं, तुझी आई नेहमी असंच लिहिते का? मी म्हटलं, नाही, नेहमी यापेक्षा कडक.

लावीन. पुसणार नाही.

पण आई, "मला तुझं तोंड दिसलं पाहिजे" म्हणतेस, ते दिसणार कुठे? टेकडीवरून सुटलेलं चित्र थॉर्पबीपर्यंत पोचत नाही. वाटेतच विरतं. मी म्हणजे काही मागत नाही. गाडी लांबची आहे आणि गुडघा आहे. सांगितलं आपलं.

आणि आलीस, तर मावशीबरोबर दुकानातच बघ. वर येऊ नकोस. त्या रंगात प्रत्यक्ष बघितलं तर भयंकर दिसतं. खोलीबाहेर उजेडात आलं की तिथली झाडूवाली बाईसुद्धा दचकते. कपडे बदलून तोंड धुऊन मग मी मावशीकडे येईन.

तुझी
डॉर्कस

•

थॉर्पबी
शनिवार, ५ डिसेंबर

प्रिय मर्सी,

परवा मी तुझ्या टॅपलिनच्या दुकानातून गाणं संपता संपता उठून गेले, छत्री खुर्चीपाशी तशीच ठेवून. तू हाक मारलीस ती ऐकली होती. थांबले असते तर तुम्हा सगळ्यांसमोर रडले असते, आणि मिसेस बॅजर बघत होती. केलेला चहा वाया गेला त्याबद्दल वाईट वाटतं. केक सिलसने संपवला असेलच.

दुकानात तू माझ्या शेजारीच होतीस, तेव्हा जे पाहिलं ते पुन्हा लिहीत नाही. फक्त एवढंच की तिला तोंड होतं. चांगलं, भरलेलं, तिच्या बापासारखं जरा एका बाजूला वर जाणारं. तीन वर्षांत मी ते विसरले होते. वरच्या सुराआधी तिने श्वास घेतला तेव्हा माझाही घेतला गेला, कॉयरमध्ये घेतला जायचा तसाच.

मग टेकडी चढले. कुणाला वाट विचारावी लागली नाही, तो खांब कुठूनही दिसतो. गुडघ्याने कुरकुर केली नाही, उतरताना केली. वर इतका वारा होता की टोपी हातात धरावी लागली. दारावरच्या माणसाने विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, "आत्ता गात होती तिच्याकडे." म्हणाला, "आपण कोण?" मी म्हटलं, "मी काय तिच्यासारखी दिसत नाही?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आज तीसुद्धा तिच्यासारखी दिसत नाहीये." आणि आत निरोप पाठवला.

ती धावतच आली. तोंड न धुता. मला बघून दारातच थबकली आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

मर्सी, तिने लिहिलं होतं ते खरं आहे. पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसासारखी दिसत होती. तोंड पिठासारखं, डोळे खोल काळे, ओठ निळे. आदल्या आठवड्यात असं ध्यान बघितलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. पण मी नुकतंच तिला पेटीत बघून आले होते. म्हणून मी तिचे हात खाली केले.

"आई, बघू नकोस, घाण दिसतं."

"दिसू दे. मफलर कुठाय तुझा?"

"आत आहे."

"आतल्या मफलरचा काय उपयोग?"

मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि तो लेप ओघळायला लागला. मी म्हटलं, अगं, रंग जाईल, तुला पुन्हा जायचंय ना? रात्रीचा कार्यक्रम होता. ती म्हणाली, "पुन्हा लावतील गं." आणि दारावरच्या त्या माणसासमोर तिने माझ्या गालाचा मुका घेतला. आम्ही आडोशाला उभ्या राहून अर्धा तास बोललो असू. काय बोललो ते फार नाही. नाताळला ती घरी येणार आहे. कॉयरमध्ये उभी राहील की नाही ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. साहेब खूष आहे, पुढचं बोलावणं नक्की. तिने मला बसपर्यंत पोचवलं नाही, मीच नको म्हटलं. त्या तोंडाने रस्त्यावर आली असती तर कुणीतरी पोलिसाला बोलावलं असतं.

थेट स्टेशन गाठून संध्याकाळची गाडी धरली. डब्यात समोर एक बरी, आपल्यासारखीच बाई होती, मांडीवर पिशवी घेऊन. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी वाकून हळूच म्हणाली, "राग मानू नका, पण तुमच्या गालाला निळी शाई लागली आहे." आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

मी तो घेतला नाही.

"शाई नाही ती," मी म्हटलं. "माझी मुलगी टेलिव्हिजनवर गाते."

थर्झा